गाण्याचा तास वेळापत्रकात हवा

चोपड्याच्या पुलावरून शिवोलीला पोचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आपल्या पिढीला हा पूल इतका सवयीचा झाला आहे की खालून वाहणारी शापोरा नदी एकेकाळी सरहद्द होती, हे आठवतही नाही. पूल होण्यापूर्वी इथे फेरीबोट होती, हे निदान आईबाबांकडून ऐकलेलं असतं. त्याच्याही खूप आधी पलीकडचा बार्देश पोर्तुगिजांच्या 'जुन्या काबिजादीत' होता. आमचं पेडणं त्यांच्या हाती गेलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, डिचोली-सत्तरीच्या मागोमाग. म्हणून आम्ही 'नव्या काबिजादीतले'. दोन काठांमध्ये पाण्याचं अंतर थोडंसं, पण राज्यकर्त्यांच्या हिशेबात सुमारे अडीचशे वर्षांचं.

हा इतिहास आज सांगते आहे तो गाण्यासाठी. मुलांना गाणं कसं शिकवायचं, आणि कुणाच्या मुलांना शिकवायचं, या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं या नदीच्या दोन काठांवर दिली गेली. दोन्ही उत्तरांतून मोठे कलाकार घडले. दोन्ही उत्तरांनी काही मुलांना दाराबाहेरही ठेवलं. आज पुलाच्या दोन्ही टोकांना शाळा आहेत, त्यांत सगळ्या घरांतली मुलं बसतात, आणि तरीही बहुतेक मुलांपर्यंत गाणं पोचत नाही. मला बोलायचं आहे ते याबद्दल.

पलीकडचा काठ

जुन्या काबिजादीत चर्चला जोडून गावोगाव 'एस्कोला पारोकियाल', म्हणजे चर्चची शाळा असायची. तिथला मेस्त मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज शिकवायचा. सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी डोळ्यांनी वाचून गळ्याने म्हणायची. त्याच्या जोडीला व्हायोलिन असायचं. हेतू धार्मिक होता, चर्चला गाणारी आणि वाजवणारी मंडळी हवी होती. त्याच राजवटीत या भागातली देवळं पाडली गेली, हेही विसरायचं कारण नाही. हिंदू मुलांसाठी ती शाळा नव्हतीच. पण एक गोष्ट त्या शाळेने केली: गाणं शिकायला गाणाऱ्याच्या घरात जन्माला यावं लागेल, अशी अट तिने घातली नाही. शेतकऱ्याचा, रेंदेराचा, सुताराचा मुलगाही तिथे स्वर वाचायला शिकला.

याचा परिणाम पुढे मुंबईत दिसला. पोटापाण्यासाठी गोव्यातून बाहेर पडलेल्या कित्येक तरुणांच्या हातात व्हायोलिन, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन होता. पलटणींचे बँड, जहाजांवरचे बँड, हॉटेलांतले बँड असं करत ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात पोचले. संगीतकार चाल गुणगुणायचा किंवा पेटीवर वाजवून दाखवायचा, आणि गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवून चाळीस-पन्नास वादकांसमोर ठेवायचा. शंकर-जयकिशन यांची गाणी आठवताना सेबॅस्टियन डिसोझा हे नाव आपल्याला सहसा आठवत नाही, पण त्या गाण्यांच्या वाद्यमेळामागे ते होते. हळदोण्याचे चिक चॉकलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे सगळे त्याच परंपरेतले. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या गाण्यात जे नाव सगळा देश गुणगुणतो, ते प्यारेलालनी आपल्या गुरूला केलेलं वंदन होतं.

अलीकडचा काठ

आपल्या काठावर चर्चची शाळा नव्हती. आपल्याकडे देऊळ होतं. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांत गाणं पिढ्यान् पिढ्या चालत आलं, आणि त्या घरांतून हिंदुस्थानी संगीताला केवढी माणसं मिळाली! केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या (आपल्या तेरेखोलजवळच्या केरीच्या नव्हेत). मोगूबाई कुर्डीकर ज्या कुर्डी गावच्या, ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. दीनानाथ मंगेशीचे. अंजनीबाई मालपेकर मालप्याच्या. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांनी अंजनीबाईंकडून विद्या घेतली. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री कलाकार, साल १९५८.

ही नावं आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण त्या अभिमानात एक गोष्ट झाकली जाते. या बायकांना गाणं मिळालं ते शाळेत नाही. त्यांच्या घरच्यांनी आयुष्य पणाला लावलं म्हणून मिळालं. केसरबाई लहान असताना कुटुंब कोल्हापूरला गेलं, तिथे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे डिचोलीजवळच्या लामगावला यायचे, तेव्हा त्यांच्याकडे शिकणं झालं. मग मुंबई, आणि शेवटी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. आज घरबसल्या ऑनलाइन क्लास लावणाऱ्या आपल्याला ही पायपीट कळणं अवघड आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीवरच्या संगीताची जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ती ऐकताना मला त्यांच्यामागे गावं बदलणारं ते घर आठवतं.

आणि ज्यांच्या घरात गाणं नव्हतं, त्यांचं काय? कुळवाड्याच्या मुलीला ख्याल शिकण्याची सोय नव्हती. तथाकथित प्रतिष्ठित घरातल्या मुलीने गाणं म्हणजे घराण्याला बट्टा. ज्या घरांत गाणं होतं, त्यांच्याकडे त्याच गाण्यावरून बोट दाखवलं जायचं.

सगळ्यांसाठी उघडी अशी एकच शाळा आपल्या काठावर होती, ती म्हणजे गाव. भजनी सप्ताह, दिंडी, दशावतारी काला, शिगम्यातलं ढोल-ताशांचं वादन, पौषातले धालो, चवथीला घुमट-शामेळ-कांसाळ्यांवरच्या आरत्या. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण धालोची गाणी तिला एकामागून एक तोंडपाठ होती आणि तिची लय कधी हलली नाही. ही गावची शाळा मोठी होती, आजही ती पुरती बंद पडलेली नाही. मात्र ती चालायची ती सगळा गाव संध्याकाळी गावातच असायचा म्हणून. आज आई-बाबा म्हापसा-पणजीहून साडेसातला परततात, मोपाच्या विमानतळावर पाळ्या असतात, मुलं ट्युशनला असतात. मुलांना भजनात नेऊन बसवायला कुणी घरीच नसतं.

शाळेत गाणं हा विचार परका नाही

'शाळेत कसलं गाणं? गाणं गुरूकडे शिकायचं' असं आपल्यातली वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांना मी दोन मराठी माणसांची आठवण करून देते.

कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या आश्रयावर नाही, लोकांच्या पैशांवर. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, परीक्षा, आणि फी परवडेल त्या कुणालाही प्रवेश. त्यांच्या पश्चात शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही आपल्या ओळखीतली कितीतरी मुलं देतात. दुसरे मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे. त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडच्या बंदिशी जमवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' म्हणून छापल्या. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये आणि लखनौला १९२६ मध्ये संगीताची विद्यालयं उभी राहिली ती त्यांच्या खटपटीतून. त्यांच्याही आधी, १८८६ मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली होती.

या कामावर टीकाही झाली. घराण्याची तालीम पुस्तकात मावत नाही, हे खरं आहे. नव्या 'सभ्य' संगीतात कलावंत बायकांना आधी मागे सारलं गेलं, हेही खरं. पण या मंडळींनी एक दार उघडलं, आणि त्यातून आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या मुली पहिल्यांदा पेटी शिकायला बाहेर पडल्या. त्यांचं काम अर्ध्यावर राहिलं ते एवढ्याचसाठी की गाण्याची शाळा वेगळी राहिली आणि रोजची शाळा वेगळी. गाण्याच्या शाळेत कोण जातं? ज्याला पालक नेऊन सोडतात तो.

आजचा तास

माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासाला, 'संगीत' असं लिहिलेलं आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण हे चित्र तिथलंच आहे असं नव्हे. त्या तासाला राहिलेलं गणित पूर्ण होतं, नाहीतर वह्या तपासून मिळतात. यात बाईंचा दोष नाही. त्या एकट्या दोन वर्ग सांभाळतात, त्यांना स्वतःला कुणी गाणं शिकवलेलं नाही, आणि वरून जो हिशेब मागितला जातो तो वाचन-लेखन-गणिताचा.

वर्षातून एकदा मात्र गाणं येतं. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस ब्लूटूथ स्पीकरवर एक सिनेमाचं गाणं लागतं आणि मुलं त्यावर नाचतात. मुलं सुंदर दिसतात, आम्ही पालक मोबाइलवर चित्रण करतो. पण त्या सगळ्यात एकाही मुलाच्या गळ्यातून एकही स्वर आलेला नसतो.

मुलीच्याच वर्गात एक मुलगा आहे. बाकावर बोटं वाजवतो म्हणून तो सारखा बोलणी खातो. एकदा पालकसभेसाठी गेले असताना मी ते वाजवणं ऐकलं. कुठून ऐकलं असेल कोण जाणे, पण त्या पोराच्या बोटांत दशावतारातल्या पखवाजाचा ठेका होता, आणि सम चुकत नव्हती. त्याचे आईवडील रोजंदारीवर जातात. मी माझ्या मुलीला शनिवारी म्हापशाला क्लासला नेते. त्याला महिन्याची फी लागते, पेट्रोल लागतं, आणि मुख्य म्हणजे मोठ्या माणसाचे तीन तास लागतात. त्या मुलाच्या घरी यातलं काहीच नाही. हे वर्ष गेलं, पुढचं गेलं, की त्याची बोटं गप्प बसतील. आपल्या हातात काय होतं हे त्यालाही कळणार नाही आणि आपल्यालाही.

शाळेतल्या संगीताच्या तासाची गरज माझ्या मुलीपेक्षा त्याला जास्त आहे.

महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कला आणि लोककलांसाठी वाढीव गुण मिळतात. योजना चांगल्या हेतूची आहे. पण शाळेत शिकवायचं नाही आणि बाहेर शिकून आलेल्याला गुण द्यायचे, असं झालं की ते गुण सहसा कुणाच्या पदरात पडतात? क्लास परवडणाऱ्याच्याच. आधी तास हवा, गुणांचं नंतर बघता येईल.

कायदा काय म्हणतो

कायदा आणि धोरण आपल्या बाजूचे आहेत, हे अनेक पालकांना माहीत नसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको, असं म्हटलं आहे. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीने स्वतःची जागा आहे. त्याला धरून एनसीईआरटीने सहावीसाठी 'कृती' नावाचं कलांचं पाठ्यपुस्तक काढलं, त्यात चित्र, नाट्य, नृत्य यांच्या जोडीला संगीतही आहे.

अडचण शिक्षकापाशी येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि पटावर १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. आता आपल्या पेडणे-डिचोलीतल्या वाड्यावाड्यांवरच्या मराठी प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, एक-दोन शिक्षक, मूठभर मुलं. जिथे मुलांना दुसरं कुठलंच दार नाही, नेमक्या त्याच शाळा नियमातून निसटतात.

यावर उपाय अवघड नाही. एका शाळेला संगीत शिक्षक परवडत नसेल, तर जवळजवळच्या चार-पाच शाळांना मिळून एक द्यावा. सोमवारी आगरवाडा, मंगळवारी चोपडे, बुधवारी मोरजी, गुरुवारी पार्से. त्याला एक दुचाकी, एक पेटी आणि नियमित पगार मिळाला की झालं. नियमित हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. तीन महिन्यांच्या कंत्राटावर आलेला माणूस मुलांचा आवाज ओळखू लागेपर्यंत निघून जातो.

'पण त्याचा उपयोग काय?'

हा प्रश्न येणारच. अनेकजण त्याला उत्तर देतात की संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारतं. मी ते उत्तर देणार नाही, कारण ते फारसं टिकत नाही.

१९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकल्यावर एका प्रकारची कोडी थोडी बरी सोडवली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पण बातम्या अशा पसरल्या की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला! २०२० मध्ये साला आणि गोबे या दोन संशोधकांनी ५४ अभ्यास, म्हणजे सुमारे सात हजार मुलं, एकत्र तपासली. अभ्यास जितका काटेकोर, तितका संगीत शिकण्याचा बुद्धीवरचा परिणाम शून्याजवळ गेला.

म्हणजे गाण्याने गणित सुधारेल ही आशा ठेवू नये. गणितासाठी गणिताचा तास आहे. खेळाच्या तासाने मराठीचे गुण वाढतात का, असं आपण विचारत नाही. मग गाण्यालाच दुसऱ्याच्या कुबड्या का?

गाण्याने गाणं येतं. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या गळ्यातून सा लावता येतो आणि तो जुळला की नाही हे त्याचं त्यालाच कळतं, ही साधी गोष्ट नाही. त्याच्या इतर कुठल्याही अभ्यासात चूक-बरोबर बाई सांगतात, इथे त्याचा स्वतःचा कान सांगतो. दुसरी गोष्ट, तीस मुलांनी एकत्र म्हणताना प्रत्येकाला आपला आवाज थोडा आवरावा लागतो आणि शेजाऱ्याचा ऐकावा लागतो. जर्मनीत लायपझिगच्या संशोधकांनी २०१० मध्ये ९६ चार वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. जी मुलं एकत्र गात-वाजवत खेळली, ती नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. आपल्या भजनी मंडळाला हे सांगायला प्रयोग लागला नसता, पण झाला हे बरं झालं.

आणि पोटाचं म्हणाल, तर पलीकडच्या काठाने ते केव्हाच दाखवून दिलं आहे. एका लहानशा प्रदेशातल्या मुलांना स्वर वाचता येत होते म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत त्यांना काम मिळालं. शाळेत शिकलेलं सगळ्यांनाच कलाकार बनवेल असं नाही. शाळेत विज्ञान शिकणारे सगळे कुठे वैज्ञानिक होतात?

जगाने काय केलं

हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने हाच आग्रह धरला. लहान मुलाला महाग वाद्य देऊ नका, आधी गाऊ द्या. गळा प्रत्येकाकडे असतो आणि फुकट असतो. आणि सुरुवात आपल्याच मातीतल्या लोकगीतांनी करा. १९५० मध्ये त्याच्या जन्मगावी, केचकेमेत इथे, रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली आणि मग देशभर तशा शाळा निघाल्या. व्हेनेझुएलात होझे अंतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांचे वाद्यवृंद उभे केले. ते काम 'एल सिस्तेमा' म्हणून ओळखलं जातं. त्यापासून स्फूर्ती घेऊन आपल्या गोव्यातच डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' काढलं. परिस्थितीने मागे राहिलेल्या मुलांना व्हायोलिन, चेलो अशी वाद्यं तिथे शिकवली जातात.

कोदायची युक्ती आपल्याला तर आयतीच जमण्यासारखी आहे. आपल्याकडे अभंग आहेत, धालो-फुगडीची गाणी आहेत, आरत्या आहेत. शिवाय घुमट आहे. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं वापरायचे, त्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली आणि आता बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आणि गंमत बघा, चवथीला आमच्या घरी आरतीला वाजतं तेच घुमट पलीकडच्या काठावर मांडो गाताना व्हायोलिनच्या जोडीला वाजतं. चर्चच्या शाळेतलं वाद्य आणि मातीतलं वाद्य तिथे शेजारी बसतात. डिचोलीचे कुंभार अजून मडकी घडवतात. एका शाळेला दहा घुमटं घेऊन देणं ही काही फार मोठी गोष्ट नाही.

१९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईत रागदारीवर बांधलेला वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यात गायला लता मंगेशकर होत्या. माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक आणि मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी. दोन काठांचं गाणं एकत्र येऊ शकतं, हे तेव्हाच दिसलं होतं. त्यासाठी दोघांनाही आपापल्या परंपरेत नीट शिकायला मिळालेलं होतं, एवढं मात्र विसरू नये.

आपण काय करायचं

आपलं मासिक वाचणाऱ्या घरांतली बहुतेक मुलं क्लासला जातात. त्यामुळे 'आमचं तर चाललंय' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आपल्यातले अनेकजण शिक्षक-पालक संघात आहेत, कुणी शाळांच्या व्यवस्थापनात आहेत, कुणी शिक्षण खात्यात आहेत. आपला शब्द ऐकला जातो. म्हणून चार गोष्टी सुचवते.

पहिली: नव्या वर्षाच्या पहिल्या पालकसभेत एकच प्रश्न विचारा. 'वेळापत्रकातला संगीताचा तास गेल्या वर्षी किती वेळा झाला?' भांडायला नको, फक्त विचारायचं. प्रश्न दरवर्षी आला की उत्तर तयार ठेवावं लागतं.

दुसरी: आठवड्याला दोन तास मागा, आणि त्यांना परीक्षा नको. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाला दहा-बारा गाणी सुरात आणि तालात म्हणता यावीत, चार ताल हाताने धरता यावेत, एवढंच उद्दिष्ट पुरे. गॅदरिंगला त्यातलीच दोन गाणी मुलांनी स्वतःच्या गळ्याने म्हणावीत, पेटी-तबल्यावर, ट्रॅक न लावता.

तिसरी: गावातली माणसं शाळेत आणा. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजनी स्पर्धेत आपल्या तालुक्यांतली पथकं उतरतात. म्हणजे शिकवू शकणारे लोक गावात आहेत. दशावतारी मंडळातला पखवाजी, घुमट आरतीचं पथक, धालो गाणारी आजी यांना महिन्यातून एकदा मानधन देऊन बोलवावं. मानधन द्यायचंच. 'गावचंच काम' म्हणून फुकट बोलवलं की कलेची किंमत मुलांनाही तेवढीच वाटते. मात्र हे सगळे संगीत शिक्षकाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हेत. नाहीतर सरकारला शिक्षक न नेमायला आयतं कारण मिळेल.

चौथी आपल्या मंडळासाठी: घराघरांत माळ्यावर पडलेल्या पेट्या आणि तबले आहेत. मुलं शिकायला लागली, सोडून दिलं, वाद्य राहिलं. मंडळाने ती जमवून, दुरुस्त करून, वाड्यावरच्या शाळांना वापरायला द्यावीत. आमच्या घरची एक पेटी मी आताच लिहून देते. तिचा भाता फाटला आहे, तेवढा शिवून घ्यायला हवा.

आणि शिक्षण खात्याकडे एक निवेदन जावं, पक्ष-बिक्ष न आणता. चार-पाच लहान शाळांना मिळून एक कायमस्वरूपी संगीत शिक्षक, सुरुवात पेडणे आणि डिचोली तालुक्यांपासून. निवेदनाचा मसुदा मी करते. सह्या करायला नदीच्या दोन्ही काठांवरचे पालक हवेत, मराठी, कोकणी, इंग्रजी अशा सगळ्या शाळांतले. या मागणीला माध्यमाचा वाद लागू नये. सा सगळ्या माध्यमांत तोच असतो.

माझी मुलगी क्लासला जाईल, शिकेल. तिच्या वर्गातल्या त्या मुलाला पुढच्या जूनमध्ये कुणीतरी शाळेतच विचारायला हवं, 'काय रे, पखवाज शिकणार?'